घोडवाट आम्ही उघडली

माझं माहेर परंदवडीचं. वडिलांचं किराणामालाचं लहानसं दुकान होतं. घरात जनावर म्हणाल तर एक मांजर, तेही पोत्यांतल्या उंदरांपायी पाळलेलं. त्यामुळे लग्न होऊन पवनेच्या खोऱ्यात सासरी आले आणि ओट्याला लागून ओळीनं तट्टं बांधलेली दिसली, तेव्हा माझे पाय तिथंच अडले. सासूबाई हसल्या नाहीत. माझा हात धरून त्यांनी तो पहिल्या घोडीच्या कपाळावर ठेवला आणि मग मला घरात घेतलं. आमच्या घरात सून अशीच यायची, हे मला नंतर कळलं.

सासरचा पिढीजात धंदा तट्टांवरून माल नेण्या-आणण्याचा. पवनेकाठचा आंबेमोहर गोण्यांत भरायचा, विसापूरच्या बाजूची खिंड चढायची आणि पलीकडं कामशेतच्या बाजाराला उतरायचं. येताना मीठ, गूळ, रॉकेल, कापड, कुणाच्या लेकीसाठी बांगड्या. गाडीवाट होती, पण ती डोंगराला मोठा वळसा घालून जाई आणि चिखल सुकेपर्यंत गाड्या तिच्यात रुतून बसत. खिंडीतून गेलं की सकाळी निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत घरी परते. बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, कुणाला मुंबईची गाडी धरायची असली, तरी वाट तीच.

तिला सगळे घोडवाट म्हणत. ती राखीव रानातून वर चढे. निम्म्यावर एक सपाटी होती, तिचं नाव तळ. तिथं कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं, जनावरं बांधायचे खुंटे होते, तीन-तीन दगडांच्या चुली मांडलेल्या होत्या. लांबच्या गावांचे तट्टूवाले तिथं मुक्काम करत, आणि थंडीत जंगलखात्याचे साहेब दौऱ्यावर आले की त्यांचा तंबूही तिथंच पडे. तळाच्या वर वाट कड्याच्या अंगानं वळायची. तेवढ्या वळणाला खालून दगडांचा बांध घालून वाट पेललेली होती. तिथं आलं की घोड्यावरचा माणूस, मग तो कितीही मोठा असो, खाली उतरून लगाम हातात धरी आणि पायी जाई.

पावसाळा या वाटेची दैना करून जायचा. म्हणून दसरा झाला की गावातनं घरटी एक माणूस घोडवाट उघडायला जाई. कुणाचा हुकूम नव्हता, कुणी मजुरी देत नव्हतं. सरकारी वेठीला शिव्या देणारी माणसं या कामाला मात्र न बोलावता कोयता घेऊन निघत. माजलेली कारवी तोडायची, घाणेरी उपटायची, चर मोकळे करायचे, टाक्यातला गाळ उपसायचा. मुंबईला गिरणीत असलेला एखादा दसऱ्याला घरी आलेला असला तरी तोही जायचा. न जाणं कमीपणाचं वाटे. आम्ही बायका भाकऱ्या बांधून द्यायचो, आणि संध्याकाळी गडी परतले की यंदा वाट कशी केली याच्या गोष्टी ऐकायचो. त्या गोष्टी ते अशा काही ऐटीत सांगत की मला त्यांचा हेवा वाटे.

मग दुसरी मोठी लढाई आली. माझे मालक आणि धाकटे दीर तट्टांचे जाणकार, त्यांना खेचरांच्या पलटणीत घेतलं. गावातले बाकीचे तरणे गडी कुणी देहूरोडकडं लष्कराच्या कोठारांवर, कुणी खडकीच्या कारखान्यात, कुणी रेल्वेच्या कामावर गेले. आमच्या घरी राहिले सासरे, सासूबाई, मी आणि माझी रांगती मुलगी. सासऱ्यांना सारा गाव आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणायची. एका उतरणीवर तट्टासकट घसरून त्यांचा खुबा दुखावला होता आणि काठीशिवाय त्यांना उभं राहता येत नव्हतं. सगळी तट्टं ठेवणं जमेना, तेव्हा निम्मी विकली. उरलेल्यांचं मी बघू लागले. जनावराच्या पाठीवर पालाण कसं कसायचं, गोण्यांचा भार दोन्ही अंगांना सारखा कसा करायचा, चढणीला जनावराच्या पुढं नि उतरणीला कडेनं कसं चालायचं, हे आबांनी मला ओट्यावर बसून शिकवलं. मांजरापलीकडं जनावर न पाहिलेली मी घोडी घेऊन एकटी कामशेतला जायला लागले.

त्यातल्याच एका पावसाळ्यात वळणाचा बांध गेला. पाऊस ओसरल्यावर पहिल्यांदा वर गेले ती मीच. तळ ओलांडून पुढं गेले तर घोडीनं पाय रोवले. पुढं वाट नव्हती. बांधाचे दगड खाली रानात विखुरले होते आणि कड्याला लागून माणूस अंग चोरून कसाबसा जाईल एवढाच काठ उरला होता. मी तिथूनच माघारी फिरले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर पारावर गाव बसला. गाव म्हणजे म्हातारी माणसं. आम्ही बायका मागं, पिंपळाच्या पलीकडं उभ्या. पाटलांनी सांगितलं की यंदा वाट सोडून द्यावी, हाताशी माणूस नाही, लढाई संपून पोरं घरी आली की बघता येईल, तोवर गाडीवाटेनं जावं. त्यांचं काही चुकत नव्हतं. सगळे माना हलवत होते. आबा काठीवर हनुवटी टेकून गप्प बसले होते, कारण आमच्या घरातूनही पाठवायला माणूस नव्हता.

तेव्हा आमच्या शेजारची मावशी पुढं झाली. मराठ्याच्या घरची, तरुणपणीच नवरा गेलेली, दिरांच्या नाकावर टिच्चून स्वतःचं भात स्वतः लावणारी बाई. उंच, हाडापेरानं मोठी. पदर सारखा करून ती पाटलांना म्हणाली, "भाऊ, घरटी एक मानूस असं ठरल्यालं हाय. मानूस म्हंजी गडीच, असं कुनी सांगितलंय?"

पाटलांनी बराच वेळ जमिनीकडं पाहिलं आणि मग म्हणाले की असं कुणी सांगितलेलं नाही. बास, तेवढंच. त्याला परवानगी म्हणा नाहीतर काहीही म्हणा, मावशीनं ती परवानगीच धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि घोडीवर टिकाव, फावडी, घमेली लादून निघाले. मला वाटलं होतं, मावशी आणि मी, फार तर आणखी कुणी एखादी. गावाबाहेर ओढ्यापाशी पोचले तर कमरेला कोयते खोचून बायका वाट बघत बसल्या होत्या. काही सासुरवाशिणी, काही माझ्या सासूच्या वयाच्या, आणि एक तर आमच्या पाटलांचीच सून. वर रानाच्या कडेला कातकऱ्यांची वाडी होती, तिथल्या बायकाही येऊन मिळाल्या. मोळ्या नि मध घेऊन त्यांना याच वाटेनं बाजारला जावं लागे.

पहिले काही दिवस तळापर्यंतची वाट साफ करण्यात गेले. घाणेरीचे काटे हातांत मोडत, कारवीचे खुंट पायाला लागत. तळ तर ओळखू येत नव्हता, गवत कमरेपर्यंत वाढलेलं. ते कापलं, चुलीचे दगड शोधून पुन्हा मांडले, कुजलेले खुंटे उपटून नवे ठोकले. टाक्यातला गाळ काढायला मी आणि पाटलांची सून आत उतरलो होतो. मांड्यांपर्यंत काळा गाळ. घमेली वर देता देता ती मला म्हणाली की लग्न झाल्यापासून ती घराच्या मागच्या दारापलीकडं या कामापायीच पहिल्यांदा आली आहे.

दुपारच्या भाकरीला आम्ही एका चुलीवर जेवलो असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. मराठ्यांच्या बायका एका बाजूला, आम्ही मुसलमानांच्या घरच्या दोघी-तिघी दुसरीकडं, कातकरी बायका खालच्या अंगाला. प्रत्येकीची चटणी आपापल्या फडक्यात. फक्त दिवस गेले तशा त्या बसायच्या जागा एकमेकींच्या जवळ सरकत गेल्या, आणि शेवटी शेवटी बसल्या जागेवरून बोललेलं सगळ्यांना ऐकू यायचं. दगड मात्र पहिल्या दिवसापासून हातोहात जात होते.

तळ साफ झाला त्याच दिवशी जंगलाचा रखवालदार आला. त्या साली कोळसा पाडणाऱ्यांनी रानात चोरून बरीच झाडं तोडली होती आणि त्याच्यावर वरून बोलणी बसली होती. एवढ्या बायका कोयते घेऊन राखीव रानात दिसल्यावर त्याला वाटलं, कोळशाच्या ठेकेदारानंच पाठवल्यात. आम्ही काय सांगतो ते त्याला पटेना. बायका फुकट वाट साफ करतात हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं आमचे सगळे कोयते गोळा करून दोरीनं बांधले आणि घेऊन गेला. आता लोणावळ्याला रेंजरसाहेबांकडून सोडवून आणा म्हणाला.

काहीजणी रडकुंडीला आल्या. कोयता म्हणजे घरचं हत्यार, भात कापणी तोंडावर आलेली. मावशी म्हणाली की बाकीच्यांनी उद्या हातांनी दगड गोळा करावेत, त्याला कोयता लागत नाही, आणि आपण दोघी लोणावळ्याला जाऊ. मला नेलं ते चार बुकं शिकलेली होते म्हणून.

वळणावरच्या त्या उरलेल्या काठावरून कड्याला पोट घासत आम्ही पलीकडं गेलो, खिंड उतरलो आणि मळवलीला गाडी धरली. लोणावळ्यात गोऱ्या सोजिरांची गर्दी होती. बंगल्यांच्या फाटकांवरची बोगनवेल, दुकानांत काचेमागं ठेवलेली चिक्की, हे बघत बघत आम्ही जंगलखात्याची कचेरी विचारत गेलो. साहेब बाहेर गेले होते. व्हरांड्यात बसून राहिलो. दुपारी ते घोड्यावरून आले, खाकी कपडे, डोळ्यांवर चष्मा, बोलणं पुण्याचं. आम्ही का आलो ते मी नीट, सुरुवातीपासून सांगितलं. त्यांनी मधे अडवलं नाही. सांगून झाल्यावर विचारलं, "हे काम कुणाच्या हुकमावरून चाललंय?"

"हुकूम न्हाई," मावशी म्हणाली. "वाट आमची हाय, म्हून आमी करतोय."

"आणि मजुरी?"

"कुनी देत न्हाई. दिली तरी घेनार न्हाई."

साहेब मग म्हणाले की जिवंत झाडाला हात लावायचा नाही, घाणेरी, कारवी आणि पडलेलं लाकूड तेवढं काढायचं. कोयते परत करायला ते रखवालदाराला सांगतील. त्यांनी असंही सांगितलं की दरवर्षी त्यांचा मुक्काम आमच्या तळावर असतो, पण वळण गेल्याचं कळल्यावर यंदाच्या दौऱ्यातून त्यांनी तो वगळला आहे. बांध घालणं हे मोठं काम आहे, जमलं तर बघू, असं म्हणून ते उठले.

मावशी उठली नाही. "साहेब, तंबू तळावरच लावा," ती म्हणाली. "आन वळनावर तुमाला घोड्यावरनं उतरावं लागनार न्हाई."

मी तिच्याकडं बघतच राहिले. गड्यांनी घातलेल्या बांधावरूनही कुणी घोड्यावर बसून गेलेलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी तिला विचारलं की असं कसं कबूल केलंस. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली की साहेब वाईट नाही, पण ते 'बघू' तिला सोसलं नाही.

परत आलो तर बायकांनी खालच्या रानातून दगड वर आणून ढीग लावला होता. मोठे दगड कातकरी बायकांनी वेलांच्या दोरांनी बांधून, दांडीला लटकवून आणले होते. बांध घालायला लागलो. शेताचे बांध आम्ही जन्मभर घातलेले, त्यामुळे धीर होता. दगडाची लांब बाजू बाहेर दिसेल असा एकेक दगड ओळीनं मांडत गेलो, मागं माती भरली. बांध उभा राहिला तेव्हा तो छान सरळ, गुळगुळीत दिसत होता. आम्ही एकमेकींची पाठ थोपटली.

घोडीवर मातीच्या गोण्या लादून मी तिला वळणावर घातलं. ती निम्म्यात आली आणि तिच्या मागच्या पायाखालचा दगड निसटला. तो गेला तसे त्याच्या शेजारचे गेले. घोडीनं पुढचे पाय ताणून अंग वर ओढून घेतलं, मी लगाम धरून कड्याला चिकटले. एक गोणी सुटून खाली गेली आणि झाडांवर आपटत गेलेला तिचा आवाज किती वेळ येत राहिला. घोडी वाचली, मी वाचले. पण बांधाला खिंडार पडलं होतं. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं की पाटील सांगत होते तेच खरं. मावशीनं वळूनही पाहिलं नाही.

घरी येऊन मी आबांना सांगितलं. आतापर्यंत ते आमच्या कामाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. रोज संध्याकाळी मी काय काय सांगते ते ऐकून घेत आणि हुक्क्याची नळी तोंडाला लावत. सांगताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आबांनी विचारलं, दगड कसे लावले होते. मी हातानं दाखवलं. ते म्हणाले, "उद्या मला वर ने."

सासूबाई नको म्हणाल्या. वर्ष झालं आबांनी जनावरावर मांड टाकली नव्हती. पण सकाळी त्यांनी स्वच्छ मुंडासं बांधलं आणि ओट्याच्या कडेला येऊन उभे राहिले. आम्ही गरीब तट्टावर घोंगड्यांची थप्पी घातली, त्यांना वर बसवलं, आणि दोन्ही बाजूंनी दोघी दोघी धरून चालू लागलो. चढणीवर ते ओठ दाबून होते. दुखत असणार. तळावर पोचल्यावर त्यांनी तट्टू थांबवायला लावलं. कापलेलं गवत, नवे खुंटे, टाक्यातलं निवळ पाणी त्यांनी हळूहळू नजर फिरवून पाहिलं. मग म्हणाले की तळ इतका चांगला त्यांच्या वेळीही झाला नव्हता. मावशीनं तोंड फिरवलं, पण ती हसत होती हे मला दिसलं.

वळणापाशी एका दगडावर घोंगडी टाकून त्यांना बसवलं. त्यांनी उरलेला सगळा बांध उतरवायला सांगितला. आमच्या हातांनी रचलेला एकेक दगड आम्हीच काढला. मग खाली माती खणत घट्ट मुरूम लागेपर्यंत जायला लावलं. आम्ही मऊ मातीवरच दगड ठेवले होते. मुरमात पाया धरल्यावर ते म्हणाले, "दगुड आडवा नगं. त्वांड भायेर ठेवा, अंग समदं आत जाऊ द्या."

म्हणजे दगडाची लांबी डोंगराच्या पोटात जायला हवी होती, बाहेर नुसतं टोक. तसं लावल्यावर बांध दिसायला ओबडधोबड झाला, पण हातानं दगड हलवायला गेलं तर हलेना. प्रत्येक थर डोंगराकडं जरासा कललेला. फटींत दगडाच्या चिपा ठोकायच्या. मागं माती भरून पाणी शिंपायचं आणि तुडवायचं. तुडवणं आम्हाला कुणी शिकवायला नको होतं, चिखल तुडवण्यातच आमची हयात गेलेली. वरच्या अंगाला आबांनी खोल चर काढून घेतला, पाणी बांधावरून न जाता बाजूच्या घळीत पडावं म्हणून. ते आवाज चढवत नसत. चुकलं की काठीनं दगडावर टकटक करत, आणि सगळ्या थांबून त्यांच्याकडं बघत. रोज सकाळी आम्ही त्यांना वर आणत होतो आणि रोज ते आदल्या दिवसापेक्षा ताठ बसत होते.

बांध पुरा झाला. या वेळी कुणी कुणाची पाठ थोपटली नाही. मी घोडीचा लगाम धरला, तशी मावशी म्हणाली, "थांब पोरी. आदी आमी."

तिनं सगळ्यांना वळणावर उभं केलं, दाटीवाटीनं, आणि पाय आपटायला लावले. नवरात्र नुकतंच झालं होतं, झिम्म्या-फुगड्यांची सवय पायांत होती. कुणीतरी टाळी दिली आणि बघता बघता त्या कड्याच्या अंगाला झिम्मा सुरू झाला. मी माहेरी शेजारच्या अंगणात झिम्मा बघितला होता, खेळले नव्हते. पाटलांच्या सुनेनं मला हाताला धरून आत ओढलं. कातकरी बायका जरा वेळ बाजूला उभ्या राहिल्या आणि मग त्याही आल्या. माती थडथड वाजत होती. मावशी नि पाटलांची सून फुगडी घालायला लागल्या तेव्हा आबा म्हणाले की आता पुरे, बांध राहील पण तुम्ही पडाल.

मग घोडी. तिला ती जागा आठवत होती. वळणाच्या तोंडाशी तिनं मान खाली घालून नवे दगड हुंगले, कान मागं टाकले आणि थांबली. मी लगाम ओढला नाही. सैल सोडून तिच्यापुढं चालत राहिले, मागं न बघता. मागून तिच्या नालांचा आवाज आला, एक, मग दुसरा, मग सगळे. पलीकडं जाऊन मी वळले तेव्हा ती माझ्या खांद्यापाशी होती आणि बांधाचा एक खडाही हलला नव्हता. आबांनी हात वर करून अल्लाचं नाव घेतलं. मला त्या क्षणी जे वाटलं ते नंतर आणखी मुलं झाली, घर बांधलं, तेव्हाही वाटलं नाही.

भात कापून झालं आणि थंडी पडली, तेव्हा साहेब आले. रखवालदार दोन दिवस आधी तंबू घेऊन तळावर आला होता. आमचे कोयते त्यानं आधीच घरोघर पोचवले होते. आता टाक्यातलं पाणी पिऊन तो म्हणाला की त्याच्या नोकरीत हे पाणी त्याला पहिल्यांदाच गोड लागलं. आम्ही काहीजणी मुद्दाम वळणापाशी जाऊन थांबलो होतो. साहेब खिंडीकडून उतरत आले. वळणाच्या तोंडाशी सवयीनं त्यांचा पाय रिकिबीतून निघाला. तेवढ्यात त्यांना आम्ही दिसलो. मावशी नुसती बघत उभी राहिली. साहेबांनी वाकून बांधाकडं पाहिलं, पाय परत रिकिबीत घातला आणि घोड्यावर बसून, सावकाश, वळण पार केलं.

पार झाल्यावर मात्र ते उतरले आणि पायी मागं आले. कडेला बसून त्यांनी एका दगडाला हात लावून तो हलतो का बघितलं. मग उभं राहून विचारलं की मुकादम कोण होता. आम्ही आबांचं नाव सांगितलं. आबा खाली तळावर चुलीपाशी बसले होते. साहेब त्यांच्याकडं गेले, तर आबा म्हणाले की त्यांनी फक्त बसून काठी वाजवली, बांध या बायकांचा आहे. त्या संध्याकाळी साहेबांनी आम्हाला सगळ्यांना तंबूपाशी बसवून चहा दिला. चहा तेव्हा आमच्याकडं रोजचा नव्हता.

त्या मोसमात आंबेमोहर खिंडीतूनच गेला. आमची तट्टं पुरेनात, तेव्हा पलीकडच्या वाड्यांतल्या तट्टूवाल्यांनाही काम मिळालं. मालक रजेवर आले ते मळवलीला उतरून खिंडीनंच आले. घरी पोचल्यावर हातपाय धुवायच्या आधी त्यांनी आबांना विचारलं की वळण कुणी बांधलं. आबांनी चुलीपुढं बसलेल्या माझ्याकडं बोट केलं. दुसऱ्या दिवशी मालक एकटेच परत वर गेले आणि दुपारपर्यंत आले नाहीत. नंतर मला कळलं की ते वळणापाशी जाऊन नुसते बसून आले होते. पलटणीत परत गेल्यावर तिथल्या सोबत्यांना ते ही गोष्ट सांगत, असं पुढं त्यांच्या एका मित्रानं मला सांगितलं.

पुढचा पाऊस जबर झाला. बांध हलला नाही. दसऱ्याला पार भरला तेव्हा पाटलांनी उभं राहून सांगितलं की घोडवाट उघडायची आहे, घरटी एक माणूस, गडी असो का बाई. आम्ही या वेळी पिंपळाच्या अलीकडं बसलो होतो.

त्या वर्षी काम लवकर उरकलं. आम्ही वळण ओलांडून खिंडीच्या माथ्यापर्यंत साफ करत गेलो. पलीकडची उतरण तिकडच्या गावांची, ती त्यांच्या गड्यांनी करायची, पण तिकडचेही गडी नव्हते आणि गेल्या साली ती तशीच राहिली होती, तट्टं झुडपांतून कशीबशी न्यावी लागली होती. माथा जवळ आला तेव्हा पलीकडून कोयत्यांचा आवाज ऐकू यायला लागला. आम्ही थांबलो. मावशी म्हणाली की गडी आले असतील रजेवर. आम्ही शेवटची कारवी तोडली आणि पाहिलं, तर खालून वर येत होत्या त्या बायका होत्या, काष्टा मारलेल्या, घामानं निथळणाऱ्या. कामशेतच्या बाजारात त्यांच्या कानावर आमची गोष्ट गेली होती. त्यांच्यातली एक वयस्क बाई पुढं आली, आमच्याकडं एकेकीला बघत म्हणाली, "वळन बांदल्याली मावशी कोन तुमच्यात?"

मावशीनं मला पुढं ढकललं आणि म्हणाली, "ही. आन ही. आन त्या समद्या."

खिंडीत वारं सुटलं होतं. त्या त्यांच्या बाजूला, आम्ही आमच्या बाजूला, मधे दोन्हीकडून साफ केलेली वाट. आम्ही माथ्यावरच टेकलो. त्यांनी खालून आणलेल्या काकड्या कोयत्यानं कापून वाटल्या, आम्ही आमचं गूळ-खोबरं दिलं, आणि या वेळी कुणाची बसायची जागा कुठं हे कुणी पाहिलं नाही. बोलणं सगळं वाटेचंच. त्यांच्या उतरणीला एक ओढा दरवर्षी वाट खातो, तिथं काय करावं, असं त्यांनी विचारलं. आम्ही त्यांना चर कसा काढायचा ते सांगितलं, आणि दगड लावायची रीतही मी जमिनीवर खडे मांडून दाखवली, तोंड बाहेर, अंग आत. उन्हं कलल्यावर त्या उठल्या. ओढ्यावर हात लावायच्या दिवशी कळवा, आम्ही येतो, असं मावशीनं त्यांना सांगितलं, आणि आम्ही गेलोही.